नवतारे आणि धूमकेतू: तेज मोजण्यापासून शोधापर्यंत

८ ऑगस्ट २०२१ च्या रात्री आयर्लंडमधल्या कीथ गियरी या हौशी निरीक्षकाला भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी हा तारा पाचव्या प्रतीचा दिसला (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). एरवी तो अकराव्या-बाराव्या प्रतीचा असतो, म्हणजे साध्या बायनॉक्युलरमध्ये सापडतही नाही. १९८५ आणि २००६ नंतर त्याचा पुन्हा स्फोट झाला होता. स्फोटाने असा अचानक भडकणारा तारा म्हणजे नवतारा. काही तासांत जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अशी बातमी तोच देऊ शकतो, ज्याला आकाशातली ती जागा एरवी कशी दिसते हे पाठ असतं.

म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा आहे. आधी तेज मोजायला शिकायचं, मग माहीत असलेल्या नवताऱ्यांचा आणि धूमकेतूंचा पाठपुरावा करायचा आणि शोधाच्या मागे सगळ्यात शेवटी लागायचं. नवीन काही सापडलं नाही तरी तुम्ही पाठवलेली प्रत्येक नीट घेतलेली नोंद अभ्यासकांच्या आलेखावर एक बिंदू म्हणून राहते, आणि ते काम पहिल्या महिन्यापासून करता येतं.

पायरी १: सामान जमवा

१०x५० किंवा ७x५० बायनॉक्युलर, लाल उजेडाची टॉर्च, वही, पेन्सिल आणि वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ, एवढं पुरेसं आहे. टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला तरी चालतो. दुर्बीण घ्यायची घाई करू नका. सहाव्या-सातव्या प्रतीपर्यंतचा नवतारा आणि बहुतेक तेजस्वी धूमकेतू बायनॉक्युलरमध्येच उत्तम मोजता येतात. दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र इतकं लहान असतं की तुलनेचे तारे एकत्र मावतच नाहीत.

मोबाइलवर स्टेलॅरियमसारखं आकाशाचं ॲप असू द्या, पण ते जागा शोधण्यापुरतं. ताऱ्यावर बोट ठेवल्यावर ॲप जी प्रत दाखवतं ती मोजणीत वापरू नका. त्याचं कारण पुढे येईल.

पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत असाल तर खगोल मंडळ गाठा. परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून एक रात्र तारे ओळखले की नकाशाशी महिनाभर झटण्याचा त्रास वाचतो.

पायरी २: प्रतीचा अंदाज करायला शिका

प्रतीची मोजपट्टी उलटी चालते. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट.

डोळ्याला थेट प्रत सांगता येत नाही. पण दोन ताऱ्यांमधला जास्त तेजस्वी कोणता हे तो फार छान सांगतो, आणि सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. प्रत माहीत असलेले दोन तारे निवडायचे, एक आपल्या ताऱ्यापेक्षा थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. मग आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं.

सरावासाठी गरुड तारकासमूहातला ईटा हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा घ्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर संध्याकाळी श्रवण तारा सहज दिसतो. त्याच्या दक्षिणेला आठेक अंशांवर ईटा आहे. तो ७ दिवसांपेक्षा थोड्या जास्त काळात ३.५ आणि ४.४ या प्रतींच्या दरम्यान कमी-जास्त होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, शहराबाहेर गेलात तर आणखी चांगला. तुलनेसाठी त्याच तारकासमूहातले तीन तारे हाताशी आहेत: डेल्टा ३.४, बीटा ३.७ आणि आयोटा ४.४.

समजा आज ईटा हा बीटापेक्षा मंद आणि आयोटापेक्षा तेजस्वी दिसतो आहे. आता मनात बीटा ते आयोटा या अंतराचे सात भाग करा. ईटा बीटाकडे किंचित झुकलेला वाटला, म्हणजे बीटापासून तीन भाग आणि आयोटापासून चार. दोघांच्या प्रतींत ०.७ चा फरक आहे, म्हणून एक भाग ०.१ चा. ३.७ मध्ये ०.३ मिळवले की उत्तर आलं ४.०. वहीत नुसतं ४.० लिहून थांबू नका. «बीटा ३, ईटा ४, आयोटा» असं मूळ निरीक्षणही लिहा. पुढे तुलनेच्या ताऱ्याची प्रत सुधारली गेली, तर तुमचा आकडा पुन्हा काढता येतो.

दोन आठवडे, आकाश साथ देईल तेव्हा रोज, हा तारा बघा. काल काय लिहिलं होतं ते बघण्यापूर्वी आजचा अंदाज लिहून टाका. मग आलेख काढा. तेज झपाट्याने वाढतं आणि सावकाश उतरतं, हे तुमच्याच आकड्यांतून दिसायला लागेल. नवख्या निरीक्षकाची चूक साधारण ०.२ ते ०.३ प्रतीची असते. सरावाने ती ०.१ पर्यंत येते.

पायरी ३: डोळा कुठे फसवतो ते ओळखा

हा भाग लोक घाईने वाचतात आणि मग आकडे का जुळत नाहीत म्हणून हैराण होतात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू जास्त तेजस्वी वाटायला लागतो. नवताऱ्यांना हे फार लागू पडतं, कारण स्फोटानंतर काही दिवसांनी हायड्रोजनच्या लाल प्रकाशामुळे बरेच नवतारे लालसर होतात. उपाय साधा आहे: टक लावू नका. आळीपाळीने झटकन नजर टाका, एकदा या ताऱ्यावर, एकदा त्या. तुलनेचे तारे निवडतानाही फार लाल तारे टाळा. ॲपमधली प्रत वापरू नका म्हटलं ते यासाठीच. तिथे तारा लाल आहे का, स्वतःच रूपविकारी आहे का, याची चाळणी झालेली नसते.

दुसरी फसगत उंचीची. क्षितिजापासून १० अंशांवरचा तारा हवेच्या जाड थरामुळे डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने जवळजवळ एक प्रत मंद दिसतो, आणि मुंबईसारख्या दमट, धुरकट हवेत त्याहून जास्त. म्हणून तुलनेचा तारा शक्यतो त्याच उंचीवरचा घ्या. मावळतीच्या धूमकेतूसाठी डोक्यावरचा तारा तुलनेला घेतलात तर उत्तर हमखास चुकणार.

तिसरी गोष्ट डोक्याच्या कलाची. दोन ताऱ्यांपैकी एक वर आणि एक खाली असेल, तर डोळा एकाला नकळत झुकतं माप देतो. मान अशी वळवा की दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा तुमच्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल. आणि अगदी मंद तारा तिरक्या नजरेने बघत असाल तर तुलनेचे तारेही तिरक्या नजरेनेच बघा.

अंधारात डोळे स्थिरावायला किमान वीस मिनिटं द्या. त्या वेळात मोबाइल खिशातच ठेवा.

पायरी ४: नकाशा आणि नोंद

रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी १९११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली एएव्हीएसओ ही संस्था आज जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की तुलनेच्या ताऱ्यांसकट नकाशा मिळतो. त्यात ताऱ्याशेजारी ६३ लिहिलं असेल तर त्याची प्रत ६.३ समजायची. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपका आणखी एक तारा वाटला असता. नकाशावर एक क्रमांक छापलेला असतो, तो नोंदीत लिहावाच लागतो. नाव नोंदवलं की निरीक्षक म्हणून तुम्हाला एक संकेताक्षर मिळतं.

या संस्थेशी आपल्या उपखंडाचं जुनं नातं आहे. जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोबिंद चंद्र यांनी जून १९१८ मध्ये गरुडातला प्रसिद्ध नवतारा स्वतंत्रपणे पाहिला. पुढे ते एएव्हीएसओचे सदस्य झाले, संस्थेने त्यांना अमेरिकेतून सहा इंची दुर्बीण पाठवली, आणि १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं पाठवली. ते मॅट्रिकही पास नव्हते. «आपण शास्त्रज्ञ नाही, आपल्या नोंदींना कोण विचारतो?» असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता वेळ. सगळ्या नोंदी जागतिक वेळेत जातात, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. रात्री ८:१५ चं निरीक्षण म्हणजे १४:४५. इथवर सोपं आहे. गोंधळ पहाटे होतो. १५ तारखेला पहाटे ५:१० ला धूमकेतू पाहिलात तर जागतिक वेळ २३:४० होते आणि तारीख १४. धूमकेतूंच्या नोंदीत वेळ दिवसाच्या दशांशात लिहितात. २३:४० म्हणजे दिवसाचा ०.९९ भाग, म्हणून नोंद जाते १४.९९ अशी. वहीत दोन्ही वेळा लिहायची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्या.

वहीतली एक पूर्ण नोंद अशी दिसते: ताऱ्याचं नाव, तारीख, भारतीय वेळ, जागतिक वेळ, अंदाज, तुलनेचे दोन तारे, नकाशा क्रमांक, साधन, आणि आकाशाची अवस्था. «पश्चिमेला विरळ ढग, चंद्र अष्टमीचा» एवढा शेरासुद्धा पुढे उपयोगी पडतो.

पायरी ५: नवताऱ्याचा पाठपुरावा

नवतारा म्हणजे जोडतारा. त्यातला एक श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा असतो, तो जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेतो, आणि पृष्ठभागावर पुरेसा साठा झाला की त्याचा अणुस्फोट होतो. तारा नष्ट होत नाही. काही ताऱ्यांमध्ये ही साठवण लवकर होते आणि माणसाच्या आयुष्यात स्फोट पुन्हा दिसतो.

त्यातला सगळ्यात तेजस्वी म्हणजे उत्तर मुकुटातला टी. स्वातीकडून अभिजितकडे रेषा ओढा. साधारण एक तृतीयांश अंतरावर ताऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांग दिसते, तोच उत्तर मुकुट. त्यातल्या एप्सिलॉन ताऱ्याच्या दक्षिणेला अंशभरावर टी आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो. मे १८६६ आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत भडकला आणि आठवडाभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. दोन्ही स्फोटांमधलं अंतर जवळजवळ ८० वर्षांचं, म्हणून सगळ्यांचं लक्ष आता त्याच्याकडे आहे.

रोज रात्री मिनिटभर तिकडे बघा. बायनॉक्युलरमध्ये त्या जागी काही नाही, पण ७.५ प्रतीचा शेजारचा तारा स्पष्ट दिसतोय, तर नोंद होते «७.५ पेक्षा मंद». अशी नकारार्थी नोंद अजिबात वाया जात नाही. स्फोट नेमका कोणत्या तासांत सुरू झाला हे नंतर तिच्यावरूनच ठरतं. स्फोट झालेला दिसला तर तुलनेसाठी मुकुटातलेच तारे घ्या: अल्फा २.२, बीटा ३.७, एप्सिलॉन ४.१, आयोटा ५.०. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध नको.

त्याच मुकुटाच्या वाटीत आर नावाचा तारा आहे, तोही रोज बघा. तो एरवी सहाव्या प्रतीच्या आसपास असतो आणि स्वतःच फेकलेल्या कार्बनच्या काजळीआड अधूनमधून लपतो, कधी चौदाव्या प्रतीपर्यंत. एक तारा भडकण्याची आणि दुसरा विझण्याची वाट एकाच दृश्यक्षेत्रात बघता येते. मला या कोपऱ्याइतकी आवडती जागा आकाशात दुसरी नाही.

नवीन नवताऱ्याची बातमी आली की पहिला आठवडा रोज निरीक्षण करा, शक्य असेल तर रात्रीत दोनदा. चढणीचा भाग फार थोडक्यात आटोपतो आणि तिथल्या नोंदी सगळ्यात कमी असतात. पुढे उतरण मंदावली की दोन-तीन दिवसांनी एकदा बघितलं तरी चालेल. कमाल तेजापासून दोन प्रती उतरायला किती दिवस लागले, यावरून नवतारा जलद की संथ हे ठरतं.

प्रत्येक नवताऱ्याचा स्वभाव वेगळा असतो. मार्च २०२१ मध्ये जपानच्या युजी नाकामुरा यांना शर्मिष्ठेत सापडलेला नवतारा कित्येक आठवडे आठव्या प्रतीच्या आसपास रेंगाळला, आणि मे महिन्यात अचानक उजळून गडद आकाशातून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. डिसेंबर १९३४ मध्ये शौरीत दिसलेला नवतारा काही महिन्यांनी, एप्रिल १९३५ मध्ये, तेराव्या प्रतीच्या आसपास कोसळला, कारण त्याने फेकलेल्या वायूत धूळ तयार झाली आणि तिने प्रकाश अडवला. पुढे तो परत सातव्या प्रतीजवळ आला. ज्यांनी «संपला» म्हणून बघणं सोडलं, त्यांच्या हातून हा भाग निसटला.

पायरी ६: धूमकेतूचं तेज

इथे अडचण वेगळी आहे. तारा म्हणजे टिंब, धूमकेतू म्हणजे पसरलेला धूसर डाग. सातव्या प्रतीचा धूमकेतू सातव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी अवघड दिसतो, कारण तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरलेला असतो. आपल्याला मोजायचा असतो तो सगळ्या कोमाचा, म्हणजे धूमकेतूच्या गाभ्याभोवतीच्या धूसर आवरणाचा, एकत्रित प्रकाश.

त्यासाठी ताऱ्यांनाही डाग करायचं. कृती अशी:

बायनॉक्युलर नीट फोकस करून धूमकेतूकडे बघा. कोमाचा आकार आणि सरासरी उजळपणा डोळ्यांत साठवा. मग तुलनेच्या ताऱ्यांकडे वळा आणि फोकस इतका बिघडवा की ताऱ्याचा डाग कोमाएवढा होईल. आता आठवणीतला धूमकेतू आणि समोरचा डाग यांची तुलना करा. ६.२ प्रतीच्या ताऱ्याचा डाग धूमकेतूपेक्षा उजळ, ६.८ च्या ताऱ्याचा तितक्याच फरकाने मंद वाटला, तर धूमकेतू ६.५. परत धूमकेतूकडे या, परत ताऱ्यांकडे जा. तीन-चार फेऱ्यांत आकडा स्थिरावतो. ही सिजविक पद्धत, पसरट आणि मंद धूमकेतूंसाठी ती चांगली.

कोमाचा मध्य फार उजळ असेल तर या पद्धतीत गडबड होते. मग मॉरिस पद्धत वापरा: धूमकेतूचाही फोकस थोडा बिघडवायचा, त्याचा डाग एकसारखा उजळ दिसेपर्यंत, आणि मग ताऱ्यांचा डाग तेवढाच मोठा करायचा. धूमकेतू अगदी ताऱ्यासारखा टोकदार असेल तर दोघांचाही फोकस एकदम, सारखाच बिघडवून तुलना केली तरी चालते. कोणती पद्धत वापरली ते नोंदीत लिहायचं असतं.

साधनाची निवड महत्त्वाची आहे. मोठ्या दुर्बिणीत आणि जास्त वर्धनात कोमाची फिकट कड दिसेनाशी होते आणि धूमकेतू आहे त्यापेक्षा मंद मोजला जातो. ज्यात धूमकेतू सहज दिसतो असं सगळ्यात लहान साधन वापरा.

तेजाबरोबर तीन गोष्टी नोंदवा. कोमाचा व्यास: सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि अरुंधतीमधलं अंतर १२ कला आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), ते डोळ्यांत बसवा आणि त्या मापाने कोमा मोजा. घनता: ० म्हणजे मध्याकडे अजिबात उजळ न होणारा सपाट डाग, ९ म्हणजे ताऱ्यासारखा. आणि शेपूट दिसत असेल तर तिची लांबी व दिशा. धूमकेतूंच्या नोंदी स्लोव्हेनियातून चालवल्या जाणाऱ्या कॉब्स या खुल्या संग्रहात पाठवता येतात. तिथे इतरांचे आकडेही दिसतात. ते स्वतःचा आकडा पाठवून झाल्यावरच बघा.

धूमकेतू किती तेजस्वी होईल याचे अंदाज वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांवर फार विसंबू नका. ढोबळ नियम असा: पृथ्वीपासूनचं अंतर निम्मं झालं तर दीड प्रतीने तेज वाढतं, आणि सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं तर बर्फाची वाफ होण्याचं प्रमाण वाढल्यामुळे आणखी सुमारे तीन प्रतींनी. पण प्रत्येक धूमकेतूचा बर्फ आणि धूळ निराळी. १९७३ च्या कोहौटेकने लोकांची निराशा केली. आयसॉनचा गाजावाजा झाला आणि २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून जाताना त्याचे तुकडे झाले. उलट ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स हा सतराव्या प्रतीचा धूमकेतू दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला, आणि ययातीत तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. कुणीही त्याचं भाकीत केलेलं नव्हतं.

२०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, आधी सप्टेंबरअखेर पहाटे पूर्वेला आणि मग ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेला. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता. त्या सुमारास फोटो खंडीभर निघाले, तेजाच्या नोंदी भारतातून फार थोड्या गेल्या. ज्याच्याकडे ट्रायपॉड होता त्याच्याकडे बहुधा दोन डोळे आणि बायनॉक्युलरही होतं. पुढच्या वेळी फोटो काढून झाल्यावर पाच मिनिटं मोजणीला द्या, ही कळकळीची विनंती.

पायरी ७: कॅमेऱ्याने मोजणी

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर डोळ्यापेक्षा अचूक मोजणी होते. रॉ फाइलच घ्या, जेपीईजीत तेजाचं प्रमाण बिघडलेलं असतं. फोकस किंचित ढिला ठेवा म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरेल आणि तारा जळणार नाही. लहान एक्स्पोजरची दहाएक चित्रं घेऊन सिरिल किंवा ॲस्टॅपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती एकत्र करा. फक्त हिरव्या वाहिनीवर मोजणी करा, कारण ती डोळ्याच्या संवेदनशीलतेला सगळ्यात जवळची आहे. तुलनेच्या ताऱ्याखेरीज आणखी एक माहीत प्रतीचा तारा पडताळ्यासाठी मोजा. त्याचं उत्तर चुकलं तर आपल्या ताऱ्याचंही चुकलेलं असणार.

पायरी ८: शोध

आकाशगंगेच्या पट्ट्यात दर वर्षी साधारण दहा नवतारे सापडतात. प्रत्यक्षात होणारे स्फोट त्याच्या कितीतरी पट असावेत, बाकीचे धुळीआड जातात किंवा कुणाच्या नजरेला पडत नाहीत. बहुतेक सापडतात धनू, वृश्चिक आणि भुजंगधारीत. इथे महाराष्ट्र-गोव्याच्या निरीक्षकाची बाजू भक्कम आहे. मुंबईच्या अक्षांशावरून याच भागातलं आकाशगंगेचं केंद्र ४० अंशांपेक्षा जास्त उंच येतं. लंडनहून ते जेमतेम ९-१० अंशांवर असतं. शिवाय मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा टोकियोत सूर्य उगवत असतो आणि लंडनमध्ये मावळत असतो. त्या तासांत आकाशाचा हा भाग बघायला फार थोडे लोक जागे असतात.

आपली अडचण पावसाची. धनू संध्याकाळी सगळ्यात उंच येते ती नेमकी पावसाळ्यात. म्हणून आपला खरा हंगाम मार्च ते मे महिन्यांतल्या उत्तररात्री आणि पहाटे, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरातल्या संध्याकाळी पश्चिमेला.

शोधाचे दोन मार्ग आहेत. पहिला, बायनॉक्युलर आणि स्मरणशक्ती. इंग्लंडमधले शिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी सुमारे ३० हजार ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. पाच धूमकेतू आणि पाच नवतारे त्यांच्या नावावर आहेत, आणि १९९१ चा शौरीतला नवतारा त्यांनी घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून बायनॉक्युलरने शोधला. आपण एक लहान तुकडा निवडावा, धनूचा किंवा हंसाचा, आणि सातव्या प्रतीपर्यंतचे तारे आकृत्यांच्या रूपाने पाठ करावेत.

दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. ५० मिमी लेन्सने, नुसत्या ट्रायपॉडवर, ५ ते ८ सेकंदांची चित्रं घ्या. प्रत्येक भागाची किमान दोन, आणि दोघांमध्ये कॅमेरा किंचित सरकवा. चांगल्या आकाशाखाली आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे तारे येतात. त्याच भागाच्या जुन्या चित्राशी ताळा करा, दोन चित्रं आळीपाळीने झटपट बदलत राहिलात की नवा ठिपका लुकलुकतो. हे काम त्याच रात्री किंवा सकाळी करा. आठवड्याने केलेल्या तपासणीत शोध दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो.

धूमकेतूंच्या बाबतीत ॲटलास, पॅनस्टार्स यांसारख्या स्वयंचलित दुर्बिणींनी काळोखं आकाश पिंजून काढलेलं असतं. हौशी माणसासाठी उरतो तो सूर्याजवळचा संधिप्रकाशातला पट्टा. जपानच्या हिदेओ निशिमुरा यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये साधा कॅमेरा आणि २०० मिमी लेन्स वापरून पहाटेच्या आकाशात असाच धूमकेतू टिपला आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. धूमकेतूला भारतीय नावही लागलेलं आहे: हार्वर्डमध्ये शिकत असताना वेणू बाप्पू यांनी १९४९ मध्ये शोधलेला बाप्पू-बॉक-न्यूकर्क.

मुंबई-ठाण्याच्या उजेडात अडकला असाल तर सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो उपग्रहाच्या चित्रांतून सूर्याला खेटून जाणारे धूमकेतू शोधता येतात. ही चित्रं सगळ्यांसाठी खुली असतात. मार्च २०२४ पर्यंत त्यांतून ५ हजार धूमकेतू सापडले, त्यांतले बहुसंख्य हौशी लोकांनी घरच्या संगणकावर शोधलेले.

पायरी ९: संशय आला तर

घाईने कुणालाही कळवू नका, पण रेंगाळूही नका. हे तपासा, याच क्रमाने.

ठिपका दोन्ही चित्रांत, ताऱ्यांच्या संदर्भात त्याच जागी आहे का? नसेल तर तो कॅमेऱ्याचा दोष किंवा उपग्रहाची चमक. तिथे ग्रह किंवा लघुग्रह आहे का? वेस्टा हा लघुग्रह पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत उजळतो आणि अनेकांना नवतारा वाटतो. मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर त्या वेळचे लघुग्रह बघा. माहीत असलेला रूपविकारी तारा आहे का? हंसातला काय (ग्रीक अक्षर χ) हा तारा तेराव्या-चौदाव्या प्रतीवरून चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत येतो, आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याला शोध लागल्यासारखं वाटतं. एएव्हीएसओच्या सूचीत जागा टाकली की याचं उत्तर मिळतं. मग ट्रान्झियंट नेम सर्व्हर आणि खगोलीय तार (टेलिग्राम) केंद्राची, म्हणजे सीबॅटची, पडताळणी यादी उघडून ती वस्तू आधीच कुणी नोंदवली आहे का ते बघा. धूमकेतूचा संशय असेल तर आणखी दोन कसोट्या: तिथे तारकागुच्छ किंवा तेजोमेघ नाही ना, आणि तासाभरात तो डाग ताऱ्यांमधून सरकला का? सरकला नसेल तर दुसऱ्या रात्रीपर्यंत धूमकेतू म्हणू नका.

सगळ्यांतून पार पडला तर एखाद्या अनुभवी निरीक्षकाला त्याच रात्री फोन करून बघायला सांगा, आणि सीबॅटला कळवा. कळवताना विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे) सन २००० च्या संदर्भात, जागतिक वेळ, अंदाजे प्रत, साधन, मूळ चित्र, आणि त्याच जागेचं आधीचं, ती वस्तू नसलेलं चित्र तारखेसकट द्या. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. «५ तारखेला तिथे नवव्या प्रतीपर्यंत काही नव्हतं» या एका ओळीवरून स्फोटाची वेळ बांधली जाते.

पाठवून झालं की बायनॉक्युलर उचला आणि त्याच्या तेजाचा पहिला अंदाज वहीत लिहा. वर्णपट घेऊन नवतारा पक्का व्हायला एखादा दिवस लागतो, आणि तोवर त्याच्या चढणीच्या नोंदी करणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल.